फॉर्ममधला चौथा प्रश्न

४ मार्च

ताई,

पोस्टाच्या खिडकीवर पाकीट मागितलं तर तिथल्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवरच्या तळाशी हात घालून बराच वेळ चाचपडलं. तुझ्या डॉक्टरांनी सातनंतर फोन कपाटात ठेवायला सांगितलाय आणि तू घरी येतेस सातला, म्हणून तुझा चोवीस वर्षांचा भाऊ पत्रं लिहायला लागलाय, एवढं त्यांच्या कानावर घाल.

माझं काय झालं ते सांगतो. परवा तक्रारीच्या खिडकीवर एक गृहस्थ आले. आमच्या कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन घेतलंय. म्हणे चालू केलं की ते मोरीतून निघतं आणि बैठकीच्या खोलीपर्यंत येतं. पाहुणे बसलेले असताना आलं. गृहस्थांचा आवाज चढत गेला, त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि त्यांचा आवाज जसा चढला तशी माझ्या मानेत ऊब भरत गेली. पुढचं आठवतं ते गालाला चिकटलेली पावती. गृहस्थ ओरडायचे थांबले होते आणि शिपायाला म्हणत होते, "अहो, याला कुणीतरी पाणी द्या."

तीन महिन्यांत ही चौथी वेळ. साहेबांनी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी रक्त काढलं, वजन केलं आणि शेवटी एक फॉर्म दिला. झोपेचा फॉर्म आहे, पण अर्धे प्रश्न लहानपणाचे. मी म्हटलं, बाई, मी आत्ता झोपतो. त्या म्हणाल्या, लहानपणी घरात फार ताण असला तर तो पुढे विशी-पंचविशीत झोपेत दिसतो. काहींची झोप उडते, काहींना नको तिथे लागते. मी भराभर "नाही" वर खुणा केल्या. चौथ्या प्रश्नाला अडलो. "लहानपणी घरात मोठ्यांची भांडणं वारंवार होत का?"

मला आठवेना. म्हणजे भांडण आठवत नाही आणि शांतताही आठवत नाही. मी झोपलेला असायचो. बाईंना सांगितलं, ताईला विचारून कळवतो. तर काय लिहू? आपलं घर चांगलंच होतं ना?

तुझा
बोक्या


९ मार्च

बोक्या,

चौथ्याला "नाही" लिही. चार घरांत असतं तेवढंच आपल्याकडे होतं. तुला झोप येते ती रात्री दीड वाजेपर्यंत क्रिकेट बघतोस म्हणून. बाईंना ते सांगितलंस का?

माझं म्हणशील तर फोन कपाटात गेला, झोप काही कपाटातून बाहेर आली नाही. तीन तास, फार तर साडेतीन. कामावर हसतात. पाच वर्षं मी लोकांच्या बेडरूमचे पडदे शिवते. जाड ब्लॅकआउट कापड, मागे अस्तर, कडेला वळती शिवण, म्हणजे उजेडाची चिरसुद्धा आत येत नाही. परवा एक गिऱ्हाईक मुद्दाम सांगायला आलं की तुमच्या पडद्यांनी आमचे सासरे दुपारी बारापर्यंत उठत नाहीत. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. मालकीणबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिने शिवलेत, आणि हिच्या डोळ्यांखाली बघा."

नवी जागा लागली. दोन खोल्या, दुसरा मजला, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. पडदे शिवून तयार आहेत, रॉड लावायचे राहिलेत. भिंतीला भोकं पाडणारा माणूस "आज येतो" म्हणाला त्याला आठवडा झाला.

आणि हे बघ, त्या फॉर्मबद्दल आईला नाहीतर बाबांना विचारत बसू नकोस. उगाच. तू लहानपणी छान झोपायचास, दप्तर पाठीवर असतानासुद्धा. ते तसंच राहू दे.

ताई


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मी दोघांना फोन केला होता. रागावू नकोस, फार गमतीची उत्तरं मिळाली.

आई म्हणाली, "भांडणं? छे. चर्चा व्हायच्या." हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज फलाट तीनवरून सुटणाऱ्या गाडीसाठी असतो. बस स्टँडवर तीस वर्षं माइकमधून घोषणा केल्यावर माणूस फोनवर तरी काय वेगळा बोलणार. बाबा म्हणाले, "मी कधी आवाज चढवला नाही. मी फक्त सूचना द्यायचो." गाडी शिकवण्यात जन्म गेला त्यांचा. माझ्याशी बोलतानाही मधेच त्यांचा पाय जमिनीवर दाबला जातो, ब्रेक मारल्यासारखा, ते फोनवर ऐकू येतं.

म्हणजे भांडणं नव्हती. माझाही तोच अंदाज होता. बाबांना दुसऱ्या गावात काम मिळालं, आईची नोकरी आपल्या गावातली पक्की, म्हणून ते वेगळे राहायला लागले, आणि मग तेच बरं वाटलं असणार. सरळ गोष्ट आहे.

आता खूशखबर. तुझ्या नव्या घराचं मी दोघांना सांगितलं. बाबांकडे ड्रिल मशीन आहे, आईला स्वयंपाकघर लावून द्यायचंय. तीस तारखेच्या रविवारी दुपारच्या जेवणाला दोघंही येतायत. एकाला दुसऱ्याचं सांगितलेलं नाही, म्हणजे दोघांनाही छान धक्का बसेल. अकरा वर्षांनी आपण चौघं एका टेबलाशी. तू काही काळजी करू नकोस, मी आहेच.

बोक्या


१९ मार्च

बोक्या,

तू आहेस हीच काळजी आहे.

पत्र मिळाल्या मिळाल्या दोघांना फोन कर. सांग, ताईला ताप आला. सांग, जिना कोसळला. काहीही सांग, पण एकाला तरी थांबव.

तुला वाटतं बाबांना दुसरीकडे काम मिळालं म्हणून ते गेले. तू तेरा वर्षांचा होतास. त्या दिवशी आपल्या घरी

जाऊ दे. पत्रात लिहायची गोष्ट नाही. फक्त थांबव.

ताई


२५ मार्च

ताई,

तुझं पत्र काल आलं. आईने तिकीट काढलंय, खिडकीची जागा मिळवलीय. बाबांनी ड्रिलसाठी नवी बिटं आणलीयत, काँक्रीटची वेगळी आणि विटांची वेगळी. त्यांनी मला दोनदा विचारलं की भिंत कसली आहे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कशाबद्दल दोनदा विचारलेलं नाही. मला जिना कोसळवता आला नाही.

त्या दिवशी आपल्या घरी काय झालं होतं? तू वाक्य अर्धं सोडलंस. मी ते उजेडासमोरही धरून पाहिलं, पुढे काही लिहून खोडलेलंसुद्धा नाही.

कामावरचं सांगायचं तर साहेब म्हणाले, डॉक्टरीणबाईंचा कागद पंधरा एप्रिलपर्यंत आला नाही तर गोदामात. तिथे खोक्यांवर आकडे टाकायचे. पगार कमी. आणि चौथा प्रश्न कोरा आहे म्हणून बाई कागद देत नाहीत. त्यांना म्हटलं, ताई "नाही" म्हणते. त्या म्हणाल्या, मग ताईंनाच घेऊन या.

रविवारी भेटू. सूप तू कर, गोड मी आणतो.

बोक्या


२ एप्रिल

बोक्या,

रविवारी तू सव्वाएक ते पावणेपाच झोपलास. आपल्या घरात अकरा वर्षांत जे घडलं नाही ते नेमकं तेवढ्यात घडलं, म्हणून लिहून कळवते.

सुरुवात तू पाहिलीस. बाबा स्टुलावर चढलेले, ड्रिल हातात, आणि दारात आई, दोन्ही हातांत पातेली. दोघंही एकमेकांशी बोलेनात. आई मला म्हणाली, "यांना विचार, कधी आले." बाबा भिंतीला म्हणाले, "सांग, साडेबाराला." मी मधे उभी राहून निरोप पोचवत होते. जेवण बरं पार पडलं. तू दोनदा वाढून घेतलंस आणि म्हणालास, बघ, किती छान वाटतंय.

मग रॉड. बाबांनी पेन्सिलीने खूण केली. आई म्हणाली, "डावीकडे उतरलंय."

"मापून केलंय."

"माप चुकलं असेल."

"तीस वर्षं मी लोकांना सरळ रेषेत गाडी चालवायला शिकवलं."

"त्यातली निम्मी पोरं खांबाला धडकली."

इथून पुढे तू नव्हतास. बाबांच्या पहिल्या चढ्या शब्दाला तुझी मान कलली, दुसऱ्याला डोळे मिटले. हातात कस्टर्डचा चमचा तसाच, उभा. मी तुझ्या समोर बसले होते. तुझ्या मानेत ऊब भरते म्हणतोस ना, ती मला दिसली.

वर दोघांचं चालूच होतं. फलाट तीन आणि हँडब्रेक. खालचा सायकलवाला हातोडी थांबवून ऐकायला लागला. मग आईचं तुझ्याकडे लक्ष गेलं. आवाज एकदम मऊ झाला. म्हणाली, "बघा हो, अजून तसाच. लहानपणी कसा गाढ झोपायचा."

बाबा स्टुलावरून वाकून म्हणाले, "माझ्यावर गेलाय."

आई म्हणाली, "तेवढं एक तरी चांगलं."

आणि दोघं हसली. बोक्या, मी शपथेवर सांगते, इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, आणि ते साफ खोटं होतं.

मला काय झालं कळलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो झोपायचा नाही. मी त्याला झोपवायचे."

मोठ्याने म्हणाले. माझा आवाज एवढा आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी मीही त्यांचीच मुलगी.

मग सगळंच बाहेर आलं. की तुमचं सुरू झालं की मी त्याला भिंतीच्या बाजूला सरकवायचे, एक उशी खाली आणि एक वर, आणि वरच्या उशीवर हात दाबून म्हणायचे, बोक्या, हे ओरडायला लागले की आपण झोपायचं असतं. तो सहा वर्षांचा होता, त्याला ते खरं वाटलं. शिकला तो. आणि मग मी जागी बसायचे, कारण कुणीतरी जागं पाहिजे. ज्या दिवशी आईने कपाट उलथलं आणि बाबा घर सोडून गेले त्या दिवशीही तो झोपला होता. सकाळी उठून म्हणाला, कपाट कुठंय.

आई म्हणाली, "पण तू तर झोपलेली असायचीस. मी रोज येऊन बघायचे."

"डोळे मिटलेले असायचे, आई."

बाबा स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. मग विचारलं, "किती वर्षं?"

"सात."

"रोज?"

"रविवारी लवकर आटपायचं. सोमवारी तुमचा सकाळचा वर्ग असायचा."

बाबांनी गुपचूप रॉड लावला. वाकडाच लागला. आईने वर पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. नंतर दोघं मिळून भांडी घासायला लागली. आतून कुजबूज ऐकू येत होती. घासणी कुठली वापरायची यावर दोघं दबक्या आवाजात भांडत होती.

मी म्हटलं, पडद्याला कड्या घालून टाकू. आतल्या खोलीत जमिनीवर कापड पसरलं आणि जरा टेकले.

डोळे उघडले तेव्हा सोमवारचे सात वाजले होते. घरात कुणी नव्हतं. भांडी जागेवर होती. टेबलावर बाबांची चिठ्ठी: "रॉड डावीकडे अर्धा इंच खाली आहे. परत येऊन नीट करून देतो." त्याखाली आईच्या अक्षरात: "एक इंच."

चौथ्या प्रश्नाला आता तुला हवं ते लिही. मी तुला "नाही" लिही म्हणाले होते, त्याची मला लाज वाटते.

ताई


७ एप्रिल

ताई,

हे पत्र मी पाच वेळा लिहायला घेतलं. आता एका दमात लिहितो.

मी पावणेपाचपर्यंत झोपलेला नव्हतो. त्यांच्या ओरडण्याने झोपलो हे खरं. पण तू ओरडलीस आणि मी खाडकन जागा झालो. तुला मी कधी ओरडताना ऐकलंच नव्हतं. त्या आवाजावर झोपायला मला कुणी शिकवलेलं नाही.

डोळे उघडायचे तर कसे उघडायचे ते कळेना. तोवर तू बोलत बोलत कपाटाच्या गोष्टीपर्यंत आली होतीस. आता उठलो तर तू थांबशील असं वाटलं. म्हणून तसाच बसलो. चमचा हातात, कस्टर्ड मनगटावरून कोपरापर्यंत आलं, मी हललो नाही. सगळं ऐकलं. उशीचंही. मला वाटायचं, झोप हे मला देवाचं देणं आहे. शाळेत सगळ्यांना सांगायचो, आमच्याकडे लाइट गेली तरी मी झोपतो, पंखा बंद पडला तरी झोपतो. ते देणं तुझं होतं आणि मला त्याची खबरही नव्हती.

तू आत झोपल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, ते आता मी कळवतो. तू कापडावर आडवी झालीस. आई दारातून बघत राहिली. मग आत गेली, गुडघ्यांवर बसली, अगदी वाकून तुझ्या तोंडाजवळ तोंड नेलं. तुझ्या मिटल्या डोळ्यांसमोर हात हलवला. एकदा, दोनदा. बाबांनी बाहेरून हळूच विचारलं, "खरंच झोपलीय का?" आई म्हणाली, "थांबा हो, खात्री करू द्या." पाच मिनिटं ती तशीच बसली. मग उरलेला पडदा तिने तुझ्या अंगावर ओढला. ब्लॅकआउट कापड, उकडलं असेल तुला.

मी दोघांना बस स्टँडवर सोडलं. दोन टोकांना दोन गाड्या. आई म्हणाली, "बाबांना नीट बसवून दे, त्यांना फलाट कळत नाहीत." बाबा म्हणाले, "आईच्या गाडीचा ड्रायव्हर बघून घे, डुलक्या काढणारा नको." एवढंच.

कामावरचं: गुरुवारी एक बाई फ्रिज घेऊन भांडायला आल्या. खरोखर फ्रिज घेऊनच, हातगाडीवर. वीस मिनिटं ओरडल्या. मी वाट बघत होतो, मान गरम होईल, पण झाली नाही. सगळं ऐकू आलं. फार वाईट गोष्ट आहे ती ताई, ऐकू येणं. आणि बाईंचं म्हणणं बरोबर होतं, फ्रिजचं दार उलटं बसवलेलं होतं. बदलून दिला. साहेब म्हणाले, आता खिडकीवरच राहा. फॉर्मवर चौथ्याला "हो" लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, रविवारी कमी. त्यांनी कागद दिला आणि दर बुधवारी येऊन बोलायला सांगितलंय.

पण रात्री झोप नाही. आठ दिवस झाले, तीन वाजतात, चार वाजतात. शेजारी नळ सोडतो तोही ऐकू येतो. अठरा वर्षं तू हे कसं केलंस? जागं राहून माणसाने करायचं तरी काय?

बोक्या


१६ एप्रिल

बोक्या,

तुझं पत्र नऊ तारखेलाच आलं. हातपाय धुऊन वाचायला बसले आणि "खात्री करू द्या" पर्यंत पोचून झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच डोळा लागला. तू इतकं जीव तोडून लिहिलेलं पत्र पुरं वाचायला मला चार दिवस लागले. राग मानू नकोस.

रोज लागते असं नाही. काल पुन्हा टक्क जागी होते. पण शुक्रवारी बसमध्ये झोपले ती थेट शेवटच्या थांब्यावर पोचले. कंडक्टर म्हणाला, बाई, इथून पुढे फक्त नदी आहे. कामावर सव्वा तास उशिरा गेले. मालकीणबाई माझ्या घरी माणूस पाठवायच्या बेतात होत्या. पाच वर्षांत मी कधी उशिरा आले नव्हते, त्यांना वाटलं मी मेले. मी म्हटलं, झोप लागली होती. मग त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला आणि सगळ्या शिलाईवाल्यांना बोलावून सांगितलं, आपल्याकडे हिला झोप लागली. टाळ्या वाजल्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

दर बुधवारी जा. चुकवू नकोस. मलाही इकडच्या अशाच एका बाईंचा पत्ता मिळालाय, पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

तू डोळे मिटून बसलास ते मला कळलं होतं. तू झोपलास की तुझा खालचा ओठ सुटतो. त्या दिवशी माझ्या दुसऱ्या वाक्याला तो आत गेला. म्हणूनच मी शेवटपर्यंत बोलले. तुला ऐकू जातंय हे माहीत होतं. पत्रात तरी तू झोपला होतास असं लिहिलं, कारण तू आपणहून सांगतोस का ते बघायचं होतं.

जागं राहून काय करायचं, विचारलंस. खरं सांगते, मला माहीत नाही. मी फक्त जागी असायचे. त्यात काही कसब नव्हतं आणि त्याने कुणाचं भांडणही थांबलं नाही. तुझ्यापुरतं बरं झालं असेल, तर तेवढं पुरे. पण तुला ते पुढे चालवायची गरज नाही. तू ज्याच्यावर लक्ष ठेवावं असं तुझ्या खोलीत आता कुणी नाही. शेजाऱ्याचा नळ त्याचा तो बघेल.

शनिवारी इकडे ये. तुझी उशी घेऊन ये, माझ्याकडच्या दगडासारख्या आहेत. पलंग एकच आहे. ज्याला आधी झोप लागेल त्याचा. दुसऱ्याने खाली गादी टाकायची, आणि उगाच पहारा देत बसायचं नाही.

ताई